गव्हर्नर ब्रॅडफर्डचा हाफ डॉलर: पहिल्यांदाच घेताय तर

आजीच्या पेटीत राणीछाप किंवा पंचम जॉर्जचा रुपया असेल तर आधी तो बाहेर काढा. कडेने चिमटीत धरा, तळहातावर ठेवून बघा. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. ज्या नाण्याबद्दल मी लिहितोय ते हातात घेतलं की जवळपास असंच लागतं: १२.५० ग्रॅम, ३०.६ मिलिमीटर. हाताला या वजनाची सवय लागली की पुढे बरेच घोटाळे टळतात.

हे नाणं अमेरिकेचं. चांदीचा अर्धा डॉलर. एका बाजूला उंच निमुळती टोपी घातलेला, काखेत बायबल धरलेला माणूस, दुसऱ्या बाजूला शिडं फुगलेलं जहाज. माणूस म्हणजे प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड, जहाज म्हणजे या वसाहतीच्या लोकांना, म्हणजे पिल्ग्रिमांना, इंग्लंडहून घेऊन आलेलं मेफ्लॉवर. जमवणारे याला पिल्ग्रिम हाफ म्हणतात. अमेरिकन स्मारक नाण्यांच्या छंदात शिरायला मला हेच दार सोयीचं वाटतं, कारण नवख्याला जे जे शिकायचं असतं ते सगळं या एका नाण्यावर सापडतं: तारखेचा गोंधळ, चांदीची परीक्षा, झिजेच्या जागा, वितळवलेली नाणी आणि पॉलिश केलेलं नाणं चांगलं म्हणून विकणारे लोक.

आधी माणूस कोण ते

मेफ्लॉवर १६२० साली आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलं. आपल्या हिशेबाने शिवजन्माच्या दहा वर्षं आधी. पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर १६२१ च्या वसंतात वारला आणि तिशीतला ब्रॅडफर्ड निवडून आला. मधली काही वर्षं सोडली तर १६५७ साली मरेपर्यंत तोच निवडून येत राहिला. सगळी मिळून तीसेक वर्षं भरतात. त्याने वसाहतीचा वृत्तांत स्वतः लिहून ठेवला होता. ते हस्तलिखित बेपत्ता झालं, १८५५ साली लंडनच्या बिशपच्या फुलहॅम इथल्या ग्रंथालयात सापडलं आणि १८९७ साली मॅसॅच्युसेट्सला परत आलं.

त्याचं चित्र मात्र एकही उरलेलं नाही. नाण्यावरचा चेहरा शिल्पकार सायरस डॅलिनने मनाने घडवलाय. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरांचा जो चेहरा आपण घरोघरी ओळखतो तोही चित्रकारांचाच. जहाजावर मात्र डॅलिनची चूक धरली गेली. पुढे डोलकाठीपाशी जे तिकोनी शीड दिसतं, तसलं शीड मेफ्लॉवरच्या काळात वापरातच नव्हतं. नाण्याचा मसुदा तपासणाऱ्या जेम्स अर्ल फ्रेझरला (बायसनच्या पाच सेंटी नाण्याचा शिल्पकार) यावरची अक्षरंही आवडली नव्हती. वेळ कमी होता, म्हणून चालवून घेतली. तुम्हीही अक्षरं बघा. मला विचाराल तर फ्रेझरचं बरोबर होतं.

याच डॅलिनने प्लिमथमध्ये मॅसासॉइटचा पुतळा केला आहे. मॅसासॉइट हा वाम्पानोआग लोकांचा मुखिया. १६२१ साली याच वसाहतीशी त्याने तह केला. पुतळा १९२१ चा, म्हणजे नाण्याच्या दुसऱ्या वर्षीचा. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला (याच वसाहतीच्या आठवणीशी जोडलेला अमेरिकन सण) मूळनिवासी लोक त्याच टेकडीवर जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. मी हे नाणं कुणाला दाखवतो तेव्हा त्या पुतळ्याचा एक फोटो शेजारी ठेवतो. बॉस्टनला कुणी नातेवाईक असतील तर त्यांना फोटो काढून पाठवायला सांगा. प्लिमथ तिथून गाडीने तासाभराच्या वाटेवर आहे.

पायरी १: साल ओळखा

नवखा इथेच पहिली ठेच खातो. जहाजाच्या बाजूला १६२०–१९२० असं कोरलेलं आहे. ही झाली तीनशे वर्षांच्या समारंभाची सालं. नाणं कधी पाडलं ते यावरून कळत नाही, कारण हीच सालं दोन्ही वर्षांच्या नाण्यांवर आहेत.

१९२० च्या नाण्यावर टांकसाळीचं वेगळं साल नाही. १९२१ च्या नाण्यावर ब्रॅडफर्डच्या बाजूला, डावीकडच्या मोकळ्या जागेत, १९२१ हा आकडा उठावाने आलेला असतो. तेव्हा नाणं उलटा, टोपीवाल्याची बाजू वर करा, डावीकडे बघा. आकडा असला तर १९२१, नसला तर १९२०. कुणी १६२०–१९२० दाखवून ‘बघा, १९२० चं आहे’ म्हणाला तर त्याने निदान पुढची बाजू पाहिलेली नाही एवढं समजावं.

दुसरी ठेच ब्रॅडफर्डच्या कोपराखाली आहे. तिथे एक छोटा ‘डी’ आत दाबलेला दिसतो. अमेरिकन नाण्यांवर डी म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ, हे कुठेतरी वाचलेलं असतं, त्यामुळे ‘डेन्व्हरचं दुर्मिळ नाणं’ अशी जाहिरात अधूनमधून दिसते. तो डी डॅलिनचा आहे. ही सगळी नाणी फिलाडेल्फियाला पाडली आणि त्यांच्यावर टांकसाळीची खूण नाही.

आता आकडे, कारण किंमत त्यांच्यावर उभी आहे. मे १९२० च्या कायद्याने तीन लाखांपर्यंत नाणी पाडायची परवानगी दिली. ऑक्टोबर १९२० मध्ये २,००,११२ पाडली. वरची ११२ सरकारी कस तपासणीसाठी. बाकीची बॉस्टनच्या नॅशनल शॉमट बँकेमार्फत एका डॉलरला एक अशी विक्रीला काढली. खप बरा झाला, म्हणून जुलै १९२१ मध्ये आणखी १,००,०५३ पाडली. तोवर मंदी आली होती, समारंभाचा उत्साहही ओसरला होता. उरलेला माल टांकसाळीत परत गेला आणि वितळवला गेला: १९२० चे ४८,०००, १९२१ चे ८०,०००. राहिले १,५२,११२ आणि २०,०५३.

या हिशेबातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या दिवसापासून लोकांनी पन्नास सेंटच्या नाण्याला एक डॉलर मोजला. यात चांदीपेक्षा जास्त काहीतरी विकत घेतलं जातं हे १९२० सालीच ठरलेलं आहे, आणि ते जास्तीचं काय हे पायरी ३ मध्ये येतं.

पायरी २: चांदी आहे का

धातू ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं. शुद्ध चांदी ११.२५ ग्रॅम भरते. घरी तपासायला तीन गोष्टी लागतात: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, कॅलिपर आणि लोहचुंबक. चुंबकाला चिकटलं तर विषय संपला. न चिकटणं हा मात्र पुरावा नव्हे, तांबं-निकेलही चिकटत नाही. कडेला उभ्या बारीक खाचा सगळीकडे सारख्या असाव्यात. मध्येच सांधा किंवा शिवण दिसली तर नाणं ओतीव आहे.

वजन १२.५० च्या आसपास हवं. झिजलेल्या नाण्यात थोडं कमी चालेल. पण वजन जुळवणं खोटं करणाऱ्यालाही जमतं, म्हणून खरी परीक्षा पाण्याची. काट्यावर छोटा पेला ठेवा, त्यात नाणं बुडेल एवढं डिस्टिल्ड पाणी घ्या आणि काटा शून्यावर आणा. नाणं मऊ दोऱ्याच्या फासात अडकवून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा आता जेवढं दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. या चांदीची घनता सुमारे १०.३, तेव्हा आकडा १.२१ च्या जवळपास यायला हवा. वरून चांदीचा मुलामा दिलेलं तांबं-निकेलचं नाणं वजनाला १२.५० भरलं तरी इथे १.४० च्या आसपास दाखवून उघडं पडतं. नंतर नाणं मऊ कापडावर ठेवून टिपा. पुसू नका. टिपणं आणि पुसणं यातला फरक या छंदात फार महाग पडतो.

सराव करायचा असेल तर आधी १९६४ चा केनेडी हाफ डॉलर घ्या. वजन तेच, व्यास तोच, कसही तोच. ढिगाने पाडलेला असल्यामुळे चांदीच्या भावाच्या आसपास मिळतो. त्याच्यावर हात बसवा.

सराफाकडे नेणार असाल तर एकच विनंती: कसोटीवर घासू देऊ नका. सराफ त्याच्या परीने बरोबर असतो, त्याला कस हवा असतो. तुमचं नाणं मात्र त्या एका रेघेने मोडीत जमा होतं.

पायरी ३: कातडी वाचा

जास्तीचं जे विकत घेतलं जातं ते म्हणजे नाण्याची कातडी. साचातून बाहेर पडताना पृष्ठभागावर जी चमक आली, ती टिकली आहे की गेली, एवढ्यावर दोन सारख्या नाण्यांच्या किमतीत कितीतरी पट फरक पडतो.

टेबलावर एकच दिवा ठेवा, ट्यूबलाइट बंद करा. सराफाचं दहापटीचं भिंग घ्या. नाणं कडेने धरून दिव्याखाली थोडं तिरकं करा आणि हळूहळू गोल फिरवा. मूळ चमक असेल तर उजेडाचे पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे नाण्याबरोबर फिरतात, टोपीच्या आणि शिडांच्या कडेपर्यंत न तुटता. पॉलिश केलेलं नाणं स्टीलच्या ताटासारखं सगळीकडून एकदम चकाकतं. पट्टा फिरत नाही. भिंगातून पाहिलं तर एकाच दिशेला गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा दिसतात. ती घासल्याची खूण.

मग झीज. ज्या जागा सगळ्यांत उंच त्या आधी झिजतात: ब्रॅडफर्डच्या गालाचं हाड, कानावरचे केस, टोपीचा उंच भाग, उलट बाजूला जहाजाचा मागचा भाग, दोरखंड, डोलकाठीवरची टेहळणीची टोपली आणि नाण्याचा काठ. नाणं फिरवताना उजेडाचा पट्टा गालापाशी येऊन विझत असेल आणि तिथे करडा डाग दिसत असेल तर ते खिशात फिरून आलेलं आहे. काही नाणी पुढे रोजच्या व्यवहारात गेली, म्हणून अशी सापडतात. त्यात वाईट काही नाही. न वापरलेल्याची किंमत देऊन घेऊ नका, एवढंच.

काळसर, निळसर, सोनेरी छटा आली असेल तर घाबरू नका. चांदी हवेतल्या गंधकाने रंग धरते. शंभर वर्षांत आपोआप आलेला सौम्य रंग बऱ्याच जणांना पांढऱ्या नाण्यापेक्षा आवडतो, मलाही. भडक इंद्रधनुष्य मात्र संशयाने बघा, ते रसायनांनी आणता येतं.

घरात एक सूचना देऊन ठेवा, ही माझ्या अनुभवाची आहे. माझं पहिलं पिल्ग्रिम नाणं मी कौतुकाने देवघराच्या कप्प्यात, चांदीच्या निरांजनाशेजारी ठेवलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आईने सगळी चांदी नेहमीप्रमाणे रांगोळी लावून घासली. संध्याकाळी गव्हर्नर साहेब पेल्या-वाट्यांबरोबर लखलखत होते. आई म्हणाली, ‘किती काळं पडलं होतं रे, बघ आता.’ मी काय बोलणार? ते नाणं मी अजून ठेवलंय. घासलेलं नाणं कसं दिसतं हे नवख्यांना दाखवायला त्याच्यासारखा दुसरा नमुना नाही. रांगोळी, राख, चिंच, टूथपेस्ट, चांदी उजळायचे द्राव, यातलं काहीही नाण्याला लागता कामा नये.

पायरी ४: श्रेणी आणि सीलबंद डबी

नाण्याची श्रेणी १ ते ७० आकड्यांत मोजतात. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी, ५८ म्हणजे जेमतेम झीज. अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या दोन संस्था नाणं तपासून, श्रेणी देऊन, प्लास्टिकच्या सीलबंद डबीत घालून देतात. या डबीला स्लॅब म्हणतात. स्लॅबवरचा क्रमांक त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. साल, श्रेणी आणि शक्यतो फोटो जुळवून बघा. खोट्या डब्याही निघतात, म्हणून नुसता क्रमांक खरा असून भागत नाही, आतलं नाणं फोटोतलंच हवं.

पहिलं नाणं स्लॅबमधलं घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. साल १९२०, श्रेणी ५८ किंवा ६२–६३. ५८ चं नीट निवडलेलं नाणं पुष्कळदा ओरखडे पडलेल्या ६१ पेक्षा देखणं असतं आणि स्वस्तही. सुट्टं नाणं डोळा तयार झाल्यावर.

‘क्लीन्ड’ किंवा ‘डिटेल्स’ हा शब्द लेबलवर असेल तर नाण्यात काहीतरी बिघाड आहे आणि आकडी श्रेणी नाकारली आहे. विक्रेते हा शब्द फोटोत अंगठ्याखाली झाकतात तेव्हा करमणूक होते.

पायरी ५: किती द्यायचे

तळाचा भाव कुणालाही काढता येतो: ११.२५ गुणिले त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा ग्रॅमचा दर. हिशेबापुरतं, दर किलोला एक लाख धरला तर ११२५ रुपये. त्याच्या वर जे काही आहे ते कातडीचं आणि सालाचं.

सालाबाबत नवख्यांची एक अपेक्षा चुकते. १९२० ची नाणी १९२१ च्या साडेसातपट उरली, तेव्हा १९२१ साडेसातपट महाग असेल असं वाटतं. महाग आहे, पण तितकं मुळीच नाही. बहुतेक लोक प्रत्येक नक्षीचं एकच नाणं घेतात, आणि त्यांना १९२० चालतं. म्हणून १९२१ ला ‘फक्त २०,०५३’ हे वाक्य लावून कुणी आभाळाएवढी किंमत सांगितली तर शांतपणे पुढे जा.

मागितलेली किंमत बघू नका, मिळालेली बघा. ईबेवर ‘विकली गेलेली’ हा पर्याय निवडता येतो. हेरिटेजसारख्या मोठ्या लिलावघरांचे जुने निकाल पाहता येतात. त्याच सालाचे, त्याच श्रेणीचे पाच-सहा निकाल कागदावर लिहून काढा. लिलावात बोलीवर खरेदीदाराचं शुल्क चढतं, ते धरूनच मर्यादा ठरवा.

आणखी एक. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर ‘कॉपी’ असा शब्द उमटवावा लागतो. नाण्यावर एखादी जागा घासून सपाट केल्यासारखी वाटली तर तिथे काय होतं ते विचारा.

पायरी ६: भारतात आणताना

तुम्ही अमेरिकेतच राहत असाल तर ही पायरी सोडा, पण शेवटचा भाग तेवढा वाचा.

बऱ्याच कुरिअर कंपन्या नाणी नेतच नाहीत. आधी विचारा. पाठवणाऱ्याला ‘गिफ्ट’ किंवा ‘खेळणं’ लिहायला सांगू नका. वस्तू काय आणि किंमत किती ते खरं लिहायचं, सीमाशुल्क लागेल ते भरायचं आणि पावती जपायची. येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून मागवलंत तरी खरेदीचं बिल त्यांच्याजवळ असू द्या आणि विमानतळावर त्यांना जाहीर करायला सांगा. मावसभावाला कस्टमच्या रांगेत घाम फुटावा एवढं काही हे नाणं मोठं नाही.

शेवटचा भाग. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची नाणी पुरावस्तूंत मोडतात, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेणं खाजगी माणसाला परवानगीचं नाही. पिल्ग्रिम नाण्यांनी शंभरी ओलांडली आहे. तेव्हा न्यू जर्सीहून दिवाळीला येताना ‘पुण्याच्या मित्रांना दाखवू आणि परत नेऊ’ असा बेत असेल तर नाणं तिथेच ठेवा, फोटो आणा.

पायरी ७: ठेवणं

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणात तर जून ते सप्टेंबर कपाटातली हवासुद्धा ओली असते. स्लॅब किंवा कडक हवाबंद कॅप्सूल, ती झाकणाच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर महिन्याला बदला किंवा गरम करून कोरड्या करा. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड आणि लाकडी पेटी टाळा, चांदी काळी पडते.

बाजारात मिळणारे स्वस्त अल्बम पुष्कळदा मऊ पीव्हीसीचे असतात. नव्या रेनकोटसारखा वास आला तर घेऊ नका. दोन-तीन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. आलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये (नेलपॉलिश काढायचं नव्हे) नाणं बुडवून ठेवायचं, न चोळता काढायचं, वाळू द्यायचं. खिडक्या उघड्या आणि गॅस बंद.

एका चिठ्ठीवर साल, वजन, कुणाकडून, किती तारखेला, कितीला, स्लॅबचा क्रमांक लिहून बिलाबरोबर वेगळ्या ठिकाणी ठेवा. घरच्यांना ती चिठ्ठी कुठे आहे ते सांगा. नाहीतर तुमच्यामागे कुणीतरी ते मोडीच्या भावात देऊन टाकेल.

गव्हर्नरांची गोडी लागली तर पुढचं नाणं १९३६ चा अल्बनी हाफ घ्या. त्याच्यावर न्यूयॉर्क वसाहतीचा गव्हर्नर थॉमस डोंगन आहे, अल्बनी शहराची १६८६ ची सनद घेतलेल्या पीटर स्कायलर आणि रॉबर्ट लिव्हिंगस्टनचा निरोप घेताना. २५,०१३ पाडली, ७,३४२ वितळवली, १७,६७१ उरली. गव्हर्नर मात्र मागच्या बाजूला गेलाय. पुढे मेपलची फांदी कुरतडणारा बीव्हर बसलाय, आणि तोच जास्त देखणा उतरलाय. वजन तेच, १२.५०.